नसण्याची खबर : अमिनो आम्लं, रक्तपेशी आणि एक ‘अनावश्यक’ रेणू

मागच्या व्याख्यानानंतर आमच्याकडे जे प्रश्न आले त्यांत दोन प्रश्न पुन्हा पुन्हा आले. पहिला : प्रोटीन पावडर घेतली की प्रतिकारशक्ती वाढते का? दुसरा बरोबर उलट : घरी रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण आहे, त्याचं अमुक-तमुक खाणं तोडलं तर रोग उपाशी मरेल असं मोबाइलवर आलंय, हे खरं का? आता आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानातले. तेव्हा औषधाचा सल्ला आमच्याकडून मिळणार नाही. तो तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे, आणि तिचा इतिहास मात्र सांगता येतो.

समजूत अशी की अन्न म्हणजे माल. प्रथिनं खाल्ली, ती पोटात फुटून त्यांची अमिनो आम्लं झाली, ती रक्तातून पेशींकडे गेली, पेशींनी त्यांतून आपली प्रथिनं बांधली. विटा आल्या, भिंत उभी राहिली. जास्त विटा, जास्त भिंत. विटा बंद, भिंत बंद. हे चूक नाही. पण गेल्या सत्तर वर्षांत रक्ताचा अभ्यास करणाऱ्यांच्या हळूहळू लक्षात आलं की पेशीला हा माल नुसता पोचत नाही, त्याची खबरही पोचते. आणि पुष्कळदा मालाच्या असण्यापेक्षा नसण्याची खबर मोठी असते. कोणती पेशी कोण होणार, कोणी लढायचं, कोणी थांबायचं, हे त्या खबरेवर ठरतं. ही गोष्ट कशी कळली, ते आज बघू.

सुरुवात एका वर्गवारीपासून करावी लागेल. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात विल्यम रोझ नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी उंदरांना प्रथिनांऐवजी शुद्ध अमिनो आम्लांचं मिश्रण खायला घातलं. तेव्हा माहीत असलेली सगळी आम्लं घातली तरी उंदीर वाढेनात. म्हणजे कुठलं तरी एक आम्ल अजून माहीतच नव्हतं. ते त्यांनी १९३५ साली शोधून काढलं, ते थ्रिओनिन. पुढे १९४२ पासून त्यांनी हेच प्रयोग आपल्या विद्यार्थ्यांवर केले. स्टार्च, साखर, लोण्याची चरबी, जीवनसत्त्वं, आणि प्रथिनांच्या जागी मोजून दिलेली अमिनो आम्लं. मग एक आम्ल काढून घ्यायचं आणि शरीरातल्या नायट्रोजनच्या आवक-जावकीचा ताळेबंद बघायचा. आवश्यक आम्ल काढलं की ताळेबंद तोट्यात जायचा. (बिचाऱ्या विद्यार्थ्यांची भूक जायची आणि चिडचिड वाढायची. प्रबंध पूर्ण करण्यासाठी मुलं काय काय सोसतात हे आम्ही मार्गदर्शक म्हणून जवळून बघितलेलं आहे, पण हे फारच झालं.)

या प्रयोगांतून प्रौढ माणसासाठी आठ आम्लं ‘आवश्यक’ ठरली. म्हणजे ती अन्नातूनच यावी लागतात. बाकीची शरीर स्वतः बनवतं. त्यांना नाव पडलं ‘अनावश्यक’. पाठ्यपुस्तकात हा शब्द गेला आणि तिथेच मुक्काम करून बसला. रोझ यांना म्हणायचं होतं ‘आहारात अनावश्यक’. पण विशेषण एकदा सुटं झालं की माणसं त्याचा भलताच अर्थ घेतात. आहारात अनावश्यक म्हणजे शरीरात बिनमहत्त्वाचं, असं नकळत धरलं गेलं.

या ‘अनावश्यक’ मंडळींत एक होतं अस्पॅरजिन. गंमत म्हणजे अमिनो आम्लांत सर्वांत आधी सापडलेलं तेच. १८०६ साली पॅरिसमध्ये व्होकलँ आणि रोबिके या दोघांनी ते अस्पॅरॅगस या भाजीच्या रसातून वेगळं केलं. आपली शतावरी याच वनस्पतीच्या जातकुळीतली. म्हणजे घराण्यातलं सर्वांत थोरलं माणूस, आणि शिक्का ‘अनावश्यक’ असा.

आता १९५३ सालच्या न्यूयॉर्कमध्ये चला. कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन किड हे संशोधक उंदरांमधल्या लिम्फोमावर, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगावर, काम करत होते. त्यांची कल्पना त्या काळाला धरूनच होती : सशाच्या शरीरात या गाठींविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायची आणि ती उंदराला टोचायची. प्रतिपिंडांना पेशी मारण्यासाठी रक्तरसातल्या आणखी काही घटकांची साथ लागते, आणि गिनीपिगच्या रक्तरसात ते घटक भरपूर असतात. म्हणून सोबत गिनीपिगचा रक्तरस. मात्र प्रयोग नीट करायचा तर काही उंदरांना नुसता गिनीपिगचा रक्तरसही द्यायला हवा, तुलनेसाठी. तसा तो दिला. आणि त्या उंदरांच्याही गाठी विरघळल्या! प्रतिपिंडांची गरजच पडली नाही. घोड्याचा रक्तरस दिला, काही नाही. सशाचा दिला, काही नाही. फक्त गिनीपिगचा.

किड यांनी हे प्रामाणिकपणे छापलं. कारण मात्र सांगता येईना. आमच्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत शिकण्यासारखा टप्पा आहे, कारण इथे सगळे ‘असण्या’च्या शोधात होते. गिनीपिगच्या रक्तरसात असं काय ‘आहे’ की जे कर्करोगाच्या पेशीवर हल्ला करतं? विष आहे? प्रतिपिंड आहे? हल्लेखोराचा शोध चालू होता. आणि हल्लेखोर कोणी नव्हताच.

उत्तराचे तुकडे इकडेतिकडे पडून होते. क्लेमेंती या इटालियन शास्त्रज्ञाने १९२२ सालीच नोंदवून ठेवलं होतं की गिनीपिगच्या रक्तात अस्पॅरजिन फोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. इतर प्राण्यांच्या रक्तात त्याला ते आढळलं नव्हतं. कर्करोगाशी या निबंधाचा काडीचा संबंध नव्हता. दुसरा तुकडा १९५६चा. न्यूमन आणि मॅकॉय यांनी दाखवलं की उंदराच्या एका कर्करोगाच्या पेशी काचपात्रात वाढवायच्या तर त्यांना बाहेरून अस्पॅरजिन द्यावं लागतं. ‘अनावश्यक’ आम्ल, आणि या पेशींना मात्र त्याच्याविना जगता येत नाही.

हे तुकडे जोडले जॉन ब्रूम यांनी, १९६१ साली. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : गिनीपिगचा रक्तरस रोगपेशीला काही करतच नाही. तो फक्त रक्तातलं अस्पॅरजिन फोडून टाकतो. निरोगी पेशी आपलं अस्पॅरजिन घरच्या घरी बनवतात, त्यांचं काही अडत नाही. या लिम्फोमाच्या पेशींना ते बनवता येत नाही, म्हणून त्या मरतात. पडताळाही सुंदर होता. ज्या रोगपेशींना अस्पॅरजिनशिवाय जगायची सवय लावली, त्यांच्यापासून वाढलेल्या गाठी गिनीपिगच्या रक्तरसाला दाद देईनात. क्लेमेंतीच्या निबंधानंतर एकोणचाळीस वर्षांनी त्याला त्याचं कोडं मिळालं.

पुढचा भाग भराभर सांगतो. गिनीपिगच्या रक्तातून औषध काढणं म्हणजे समुद्रातून मीठ चिमटीने वेचणं. १९६४ साली मॅशबर्न आणि रिस्टन यांनी दाखवलं की आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूचं असंच विकर हेच काम करतं. जिवाणू हवे तितके वाढवता येतात. १९६६ साली ल्युकेमिया झालेल्या एका मुलावरच्या उपचाराचा अहवाल आला, आणि १९७८मध्ये अमेरिकेत औषध अधिकृत झालं. आपल्याकडे १९८०च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने एमसीपी-८४१ नावाचा उपचारक्रम आखला गेला. तो मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये, चेन्नईच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये आणि दिल्लीच्या एम्समध्ये वापरला गेला. त्यातही इतर औषधांच्या जोडीला हे विकर होतं. परळच्या फुटपाथवर मुक्काम ठोकून बसलेल्या कितीतरी आईबापांनी ‘अस्पॅरजिनेज’ हा अवघड शब्द पाठ केलेला आहे. औषध साधं नाही. जिवाणूचं प्रथिन म्हणून त्याची ॲलर्जी येते, स्वादुपिंडाला सूज येते, रक्त गोठण्याची घडी बिघडते.

आणि इथेच त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. या मुलांना अस्पॅरजिन असलेलं अन्न बंद केलं तर भागेल का? नाही. का, तर ते ‘आहारात अनावश्यक’ आहे म्हणून! शरीराच्या निरोगी पेशी ते सतत बनवून रक्तात सोडत असतात. मुलाला बटाटा दिला नाही तर त्याच्या रोगपेशीला काहीच कळत नाही. भूक लागते ती मुलाला. विकर रक्तात राहून अस्पॅरजिन पुन्हा पुन्हा फोडतं, तेव्हा कुठे ते खरोखर ‘नसतं’. अन्न तोडणं आणि रक्तातून एक रेणू नाहीसा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच मानून कुणी उपचार घेत असलेल्या मुलाचं ताट अर्धं करत असेल, तर हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. म्हणून आम्ही आज सांगतो आहोत.

बरं, रक्तात रिकामं केलं म्हणजे सगळीकडे रिकामं झालं का? तेही नाही. रक्तपेशींचा जन्म हाडांच्या पोकळीत, अस्थिमज्जेत होतो. २००७ साली असं दाखवण्यात आलं की मज्जेतल्या आधारपेशी स्वतः अस्पॅरजिन बनवून शेजारच्या ल्युकेमियाच्या पेशींना पुरवू शकतात. बाजार बंद, पण शेजारीण वाटीभर साखर देते. शेजारधर्म सगळीकडे चांगलाच असतो असं नाही, एवढंच म्हणू.

मज्जेचा विषय निघालाच आहे तर जरा तिथे थांबू. मज्जेतली एक मूलपेशी तांबडी पेशी होऊ शकते किंवा पांढरी. हा निर्णय कोण घेतं? बरीच वर्षं उत्तर होतं : संप्रेरकांसारखे संदेशवाहक. एरिथ्रोपोएटिनने सांगितलं ‘तांबडी हो’, पेशी झाली तांबडी. २०१४ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी मानवी मूलपेशींवर एक प्रयोग केला. एरिथ्रोपोएटिन दिलं, पण त्या पेशींना ग्लुटामिन हे अमिनो आम्ल वापरू दिलं नाही. हुकूम आला होता ‘तांबडी हो’. पेशी मात्र पांढऱ्यांच्या एका शाखेकडे वळल्या. ग्लुटामिनमधला नायट्रोजन डीएनएच्या घटकांसाठी लागतो, आणि तांबडी पेशी होण्याच्या वाटेवर त्याची फार गरज असते. हुकूम वरून येतो खरा, पण कोठीत काय आहे ते बघूनच स्वयंपाकीण ठरवते. हे ग्लुटामिनसुद्धा ‘अनावश्यक’ यादीतलंच बरं का.

दोन वर्षांनी टोकियो आणि स्टॅनफर्डच्या गटाने उंदरांना व्हॅलिन नसलेलं अन्न दिलं. दोनेक आठवड्यांत मज्जेतल्या मूलपेशी इतक्या ओसरल्या की एरवी लागणाऱ्या किरणोत्साराशिवाय दुसऱ्या उंदराच्या मूलपेशी तिथे रुजवता आल्या. वाचायला जादू वाटते. पण व्हॅलिन एकदम परत सुरू केल्यावर काही उंदीर दगावले, हेही त्याच संशोधनात आहे. उपास सोडणं उपासापेक्षा अवघड असतं हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. इथे ते मूलपेशींच्या हिशेबात दिसलं.

आता आमच्या विषयाचा, म्हणजे तत्त्वज्ञानाचा, मुद्दा. नसलेली गोष्ट काही घडवते कशी? आणि ती ‘नाही’ हे कळतं कसं? या प्रश्नावर आपल्याकडे शेकडो वर्षं वाद झाला. वैशेषिकांनी आधी सहा पदार्थ मानले, आणि परंपरेत पुढे सातवा आला : अभाव. जमिनीवर घडा नाही, हे ‘नसणं’ सुद्धा जगातली एक खरी गोष्ट आहे, असं नैयायिक म्हणाले. भाट्ट मीमांसक म्हणाले, बरोबर, पण ते डोळ्यांनी दिसत नाही. ते कळायला अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण हवं. प्राभाकर मीमांसकांनी मात्र सगळंच उडवून लावलं. म्हणाले, अभाव वगैरे काही नाही. दिसते ती नुसती रिकामी जमीन.

पेशी या वादात कुणाच्या बाजूची? आमचं उत्तर : प्राभाकरांच्या. ते कसं, बघा. प्रत्येक अमिनो आम्ल प्रथिनाच्या कारखान्यात नेऊन पोचवणारे छोटे वाहक असतात, वाहक आरएनए. आम्ल पुरेसं असेल तर हे वाहक भरलेले असतात. आम्ल संपलं की रिकामे फिरायला लागतात. जीसीएन-२ नावाचं एक प्रथिन या रिकाम्या वाहकांना ओळखतं. डबेवाल्याकडे सगळे डबे रिकामेच दिसू लागले तर आत चूल पेटलेली नाही हे कळायला स्वयंपाकघरात जावं लागत नाही. पेशी ‘नसलेलं आम्ल’ बघत नाही. रिकामा डबा बघते. ही यंत्रणा आधी यीस्टमध्ये, म्हणजे भाकरी-पावाच्या जगात, उलगडली आणि मग आपल्यात सापडली. ती चेतली की बहुतेक प्रथिनांचं काम मंदावतं, पण टंचाईत लागणारी थोडी प्रथिनं उलट जास्त बनू लागतात. त्यांत अस्पॅरजिन बनवणारं विकरही असतं. काही ल्युकेमियाच्या पेशी औषधाला चकवतात त्या या वाटेने.

याच्या उलट, आम्ल ‘आहे’ याची हजेरी घेणारी यंत्रणाही आहे. तिचं नाव एमटॉर. ल्युसिन भरपूर आहे असं कळलं की ती पेशीला वाढायला परवानगी देते. तिचा पत्ता लागला तो रॅपामायसिन या औषधामुळे. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून ते सुरेन सहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाच्या गटाने १९७५च्या सुमारास वेगळं केलं. १९९९पासून मूत्रपिंड रोपणानंतर प्रतिकारशक्ती आवरायला ते वापरतात. विचार करा : अमिनो आम्लांची हजेरी घेणारा कारकून गप्प केला की टी-पेशींची फौजही मंदावते. म्हणून ‘जास्त प्रोटीन म्हणजे जास्त प्रतिकार’ हे गणित सरळ नाही. कुपोषिताला प्रथिनं हवीतच, तिथे प्रतिकारशक्ती खरोखर ढासळलेली असते. पण पोटभर खाणाऱ्याच्या रक्तात आणखी चार विटा टाकल्याने फौज वाढत नाही.

शेवटची गोष्ट ट्रिप्टोफॅनची, आणि ती अजून संपलेली नाही. १९५३ सालीच पीटर मेडावर यांनी विचारलं होतं की गर्भात अर्धा वारसा बापाचा, म्हणजे आईच्या दृष्टीने परका. मग आईचं शरीर त्याला झिडकारत का नाही? १९९८ साली जॉर्जियातल्या मन आणि मेलर यांनी एक उत्तर दिलं. वारेतल्या काही पेशी आयडीओ या विकराने आसपासचं ट्रिप्टोफॅन संपवून टाकतात, आणि ते नसलं की आईच्या टी-पेशी वाढू शकत नाहीत. गाभण उंदरिणींमध्ये ते विकर औषधाने बंद पाडलं, तर परक्या वंशाचे गर्भ नाकारले गेले. स्वतःच्याच वंशाचे टिकले. हे विकर जपानमध्ये हायाइशी यांच्या प्रयोगशाळेने आधीच शोधलेलं होतं. १९८४ साली फेफरकॉर्न यांनी असंही दाखवलं होतं की इंटरफेरॉन-गॅमाच्या सांगण्यावरून आपल्या पेशी ट्रिप्टोफॅन फोडतात आणि आत शिरलेला टॉक्सोप्लाझ्मा परजीवी उपाशी राहतो. म्हणजे शत्रूला उपाशी ठेवायची जी युक्ती, तीच आपल्या सैन्याला थोपवायची युक्ती. २००५ साली त्याच जॉर्जियाच्या गटाने दाखवलं की टी-पेशींना हा दुष्काळ कळतो तो जीसीएन-२ मधूनच.

आम्हाला हे सगळं इतकं नेटकं जुळलेलं दिसलं तेव्हा फार आनंद झाला. पण विज्ञान आमच्या आनंदासाठी चालत नाही. आयडीओचं जनुकच नसलेल्या उंदरिणींची गर्भारपणं, परक्या वंशाच्या गर्भासकट, सुखरूप पार पडली. हे २००४ सालीच नोंदलं गेलं होतं. म्हणजे वारेच्या पदरी दुसऱ्याही युक्त्या असणार. मग कर्करोगाकडे लक्ष गेलं. अनेक गाठी आयडीओ बनवतात आणि टी-पेशींना थोपवतात, तर ते विकर बंद करावं. एपॅकॅडोस्टॅट हे औषध तयार झालं, सुरुवातीचे निकाल आशादायक आले. मात्र २०१८ साली त्वचेच्या मेलानोमा कर्करोगाच्या सातशेहून अधिक रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत, आधीच्या प्रतिकारशक्ती-उपचाराला त्याची जोड देऊन काहीच फायदा झाला नाही.

का झाला नाही यावर वाद आहे, आणि तो वाद आमच्या प्राभाकरांना अडचणीचा आहे. ट्रिप्टोफॅन जळून नुसतं नाहीसं होत नाही. त्याचं कायन्युरेनिन होतं. आणि हे कायन्युरेनिन टी-पेशींमधल्या एका ग्राहकाला चिकटून त्यांना स्वतंत्रपणे ‘थांबा’ सांगतं. मग टी-पेशी थांबतात त्या ट्रिप्टोफॅन नाही म्हणून, की त्याची राख आहे म्हणून? राख हाच निरोप असेल, तर ती बनवणारं एक विकर बंद करून भागत नाही, कारण शरीरात तेच काम करणारं टीडीओ नावाचं दुसरं विकर आहे. काही प्रयोगशाळा आता थेट त्या ग्राहकालाच अडवून बघत आहेत, आणि काही जण गिनीपिगच्या जुन्या वाटेने, कायन्युरेनिन फोडणारं विकर रक्तात सोडून बघत आहेत.

आम्ही जरा पाणी घेतो. मग प्रश्न घेऊ. अभावाबद्दलचे आधी, आहाराबद्दलचे नंतर.